काजळ्याला दहापैकी चार

कमलआत्या हॅम्बर्गला आली ती दोन बॅगा घेऊन. एकीत तिचे कपडे होते आणि दुसरीत भडंग, मेतकूट, गोडा मसाला आणि लाल बॉलपेनांचा एक डबा. मिरजेत मुलींच्या शाळेत ती मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण पेनांना ते कुणी कळवलं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं फ्रिजवर चिकटवलेल्या वाणसामानाच्या यादीत तिनं दोन दुरुस्त्या केल्या आणि खाली सही ठोकली. आई ती यादी घेऊन दुकानात गेली आणि कधी नव्हे ते काहीही न विसरता परत आली, त्यामुळे तिला आणखीच राग आला.

हॅम्बर्गच्या बार्मबेक भागात तिसऱ्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं घर होतं. त्या घराचे आवाज मला अजून क्रमानं आठवतात. पहाटे रेडिएटर ठोकल्यासारखे वाजायचे. मग बाबा फेरीबोट गाठायला जिन्यावरून धावत उतरायचे, कारण त्यांचा विमानांचा कारखाना एल्बे नदीच्या पलीकडे होता. मग आईचा मिक्सर. तो ती मोठ्या टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून चालवायची, म्हणजे खालच्या मजल्यावरून तक्रार येणार नाही. दुपारी एक ते तीन इमारतीत शांततेची वेळ असायची. नळसुद्धा हळू सोडायचा. या सगळ्यात आत्याचा आवाज येऊन पडला. तो मैदानाच्या पलीकडच्या मुलींना रांगेत उभं करण्यासाठी तयार झालेला आवाज होता आणि त्याला टॉवेल गुंडाळता येत नव्हता.

जर्मनीबद्दल तिची मतं पहिल्या आठवड्यातच ठरली. काळा पाव घर बांधायला चांगला. पाऊस बरा, पण शिस्त नाही, कधीही येतो. क्वार्क नावाचा चक्क्यासारखा पदार्थ डब्यात तयार मिळतो हे तिला मान्यच नव्हतं. आई म्हणाली, "वन्सं, याचं पाणी आधीच काढलेलं असतं, थेट साखर घालायची." आत्यानं तरी तो फडक्यात बांधून बाथरूमच्या नळाला रात्रभर टांगला. सकाळी खालच्या भांड्यात चार थेंब पडले होते. "बघ," ती म्हणाली. आईनं ते चार थेंब मोरीत ओतले. मी मात्र आजही क्वार्क टांगते. नवरा विचारतो कशाला, तर सांगता येत नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मराठी सगळं समजायचं आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायचे. त्यात लॅटिनच्या पेपरात मला पाच मिळाले होते. आत्यानं पेपर हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "पाचपैकी पाच?" मी ते तसंच राहू दिलं असतं. पण बाबा प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगितलं, "नाही गं ताई. इथे एक म्हणजे उत्तम. पाच म्हणजे नापास." आत्यानं पेपर टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि माझ्यासमोरच माझा निकाल लावला.

"बाळू, ही केतकी पोपटाच्या उलट आहे. पोपटाला समजत नाही पण तो बोलतो. हिला समजतं आणि बोलत नाही. दोन वर्षं माझ्याकडे दे. मिरजेला शाळेत घालते. मराठी येईल, गणित येईल आणि पाठीत पोक काढून बसायची सवय जाईल."

"बघू," बाबा म्हणाले. बाबांनी बहिणीला जन्मात नाही म्हटलेलं नव्हतं. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ हो असा होता. स्वयंपाकघरात आईनं कुकरचं झाकण जोरात आपटलं. शांततेच्या वेळेत.

शेवटी आईनं एक तडजोड काढली. आत्याची साठी तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात येत होती. इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं जमवून ती इथेच करायची होती. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर मराठीत, कागद न घेता, आत्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं. बोलले तर हॅम्बर्ग. नाही तर मिरज. आत्याला परीक्षा हा शब्द ऐकूनच बरं वाटलं. मला मिरजेबद्दल एवढंच माहीत होतं की तिथे आत्या आहे, आणि तेवढं पुरेसं होतं.

आता माझ्या पुस्तकांबद्दल सांगायला हवं. त्या काळात माझ्या वर्गातल्या मुली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायला लागल्या होत्या. मी वाचायचे ती मालिका म्हणजे नुसता अंधार, राख आणि तलवारी. त्यातले राक्षस भयंकर होते. गावं जाळायचे, पोरं पळवायचे, कवट्यांतून पाणी प्यायचे. पण प्रत्येक राक्षस मरायला टेकला की चित्रं एकदम फिकट व्हायची आणि त्याचं बालपण सुरू व्हायचं. कुणाला आईनं टाकलेलं, कुणाला गावानं हाकललेलं. मी हमसून हमसून रडायचे. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्यावर फार अन्याय होतोय असं वाटतच असतं. त्यात हे राक्षस म्हणजे घरचीच माणसं. सगळे भाग मी वॉशिंग मशीनच्या मागे लपवत असे.

आत्याला वॉशिंग मशीनच्या मागे झाडायची सवय होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेतून आले तर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती आणि समोर चौथा भाग उघडा होता. मांगा उजवीकडून उघडतात. आत्यानं तो आपल्या पुस्तकासारखा डावीकडून उघडला होता. चुकीच्या बाजूनं उघडणाऱ्यांसाठी तिथे सूचना छापलेली असते, पण ती जर्मनमध्ये. त्यामुळे तिला सगळ्यात आधी शेवटचं पान दिसलं. त्यावर एक अक्राळविक्राळ राक्षस गुडघ्यांवर बसून रडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून काजळासारखे काळे ओघळ वाहत होते.

"हा कोण?" आत्यानं विचारलं. "याला कुणी मारलं? का रडतोय?"

मी ओरडा खायच्या तयारीत होते.  अर्धं जर्मन, अर्धं मराठी करत म्हटलं, ते खूप मोठं आहे, सांगता येणार नाही.

"मराठीत सांग. मोठं असू दे. मी डिसेंबरपर्यंत आहे."

अशी आमची वाचनं सुरू झाली. रोज दुपारी, एक ते तीन, कारण त्या वेळात दुसरं काही करायची परवानगीच नव्हती. आत्या लसूण सोलायची किंवा मटार काढायची आणि मी हळू आवाजात जर्मन पानावर बोट ठेवून मराठीत वाचायचे. शब्द अडला की ती पुरवायची. जपानी नावं तिच्या तोंडात बसेनात, म्हणून तिनं सगळ्यांना नवी नावं दिली. रडणारा तो काजळ्या. दुसऱ्यांच्या पोरांच्या सावल्या कापून स्वतःच्या मेलेल्या मुलीसाठी झगा शिवणारी ती सुईवाली. मालिकेचा नायक देखणा, दुःखी आणि अत्यंत कंटाळवाणा होता. त्याला ती 'तो केसांवाला' म्हणायची आणि त्याची पानं मला भराभर उलटायला लावायची.

मला वाटलं होतं काजळ्याचं बालपण ऐकून ती विरघळेल.  गावात साथ आली, लोकांनी सात वर्षांच्या पोराला विहिरीलगतच्या खोलीत कोंडलं, आई म्हणाली आत्ता येते आणि आलीच नाही. अंधारात त्यानं सैतानाशी करार केला, आणि मग सात गावं जाळली.

आत्यानं लसणीची पाकळी सोलून वाटीत टाकली. "किती गावांनी कोंडलं?"

"एका."

"मग सात का जाळली? उरलेल्या सहांनी काय केलं होतं?"

"आत्या! तो दुःखी होता!"

"असेल. पस्तीस वर्षं मुलींची कारणं ऐकली मी. आई आजारी, वही भिजली, कुत्र्यानं खाल्ली. खरं असायचं कधी कधी. कारण मी लिहून घ्यायचे. शिक्षा वेगळ्या रकान्यात." तिनं पेन काढलं आणि वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहिलं: काजळ्या, दहापैकी चार. चारही मार्क विहिरीचे. सुईवालीला सहा मिळाले, कारण तिचं शिवणकाम सुबक होतं.

मी चिडायचे, भांडायचे. भांडण मराठीत करावं लागायचं, कारण जर्मनमध्ये बोललं की ती लसूण सोलत राहायची. मी आज इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीत काम करते. भाडेकरू रोज येतात. एकानं तळघरात मधमाश्या पाळल्या, एकीनं जिन्यात शेजाऱ्याची सायकल करवतीनं कापली. प्रत्येकाकडे कारण असतं आणि पुष्कळदा ते खरंच वाईट असतं. मी मान हलवते, लिहून घेते आणि करवतीबद्दलचं पत्र तरीही पाठवते. मनातल्या मनात मार्क देते. सायकलवालीला तीन दिले होते.

साठी जवळ आली तशी मी घाबरले. पाच मिनिटं बोलायचं म्हणजे माझ्याकडे काहीतरी हवं. मला कथा सांगायची एकच पद्धत येत होती, ती म्हणजे राक्षस घ्यायचा आणि तो तसा का झाला ते सांगायचं. राक्षस घरातच होता. राहिलं होतं फक्त तिचं दुःख शोधायचं.

आधी आईला विचारलं. ती दुधी किसत होती. "आत्या आधीपासून अशीच होती?"

"माझ्या लग्नात पंगतीला मीठ वाढायचं राहिलं म्हणून तिनं आचाऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं," आई म्हणाली. "त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

मग आत्यालाच विचारलं. "तुझ्यावर लहानपणी कुणी अन्याय केला का?"

"केला की. गणिताच्या मास्तरांनी एक मार्क कापला."

"मग?" मी पेन्सिल सरसावली.

"मग मी त्यांच्या घरी गेले आणि मागून आणला."

याचं काहीच करता येत नव्हतं. मी हताश झाले असताना बाबांनी समारंभात लावायला आत्याचे जुने फोटो एका पुठ्ठ्यावर चिकटवायला घेतले. त्यात एक फोटो होता. दहा वर्षांची आत्या, कोळशाच्या मिशा, डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं. शेजारी फुलांच्या माळा घातलेली एक गोरीपान सीता.

"शाळेचं नाटक," बाबा म्हणाले. "दर वर्षी राक्षस ताईच. उंच होती ना. आणि आवाज."

"दर वर्षी? सीता कधीच नाही?"

"छे!"

मला सापडलं. त्या दिवशी मी इतकी खूश होते की लॅटिनही थोडं वाचलं.

समारंभासाठी एका चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. साठी म्हणजे साठ दिव्यांनी ओवाळायचं, म्हणून आईनं आणि मंडळातल्या काकूंनी कणकेचे साठ दिवे केले होते. हॉलची देखभाल पाहणारे हाउसमाइस्टर हेर, म्हणजे श्रीयुत, पेटरसन यांना हे अर्ज भरताना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं की वाढदिवस आहे, केक असेल. तुपात भिजलेल्या साठ वाती पाहिल्यावर ते बाहेर गेले आणि आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आले. ते छातीशी धरून ते दाराजवळ उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. आत्याला ते फार आवडले. "हा माणूस कामाचा आहे," ती म्हणाली.

ओवाळणं झालं. दिवे तिच्यासमोरच्या टेबलावर तेवत होते. खुर्च्यांवर चाळीसेक माणसं बसली होती. बाबांनी माझं नाव घेतलं. मी पुढे गेले. एक गोष्ट लक्षात घ्या. माझं सगळं मराठी बोलणं गेल्या अडीच महिन्यांत त्या पुस्तकांवर पोसलेलं होतं. मला 'हार्दिक अभिनंदन' म्हणताना अडखळायला व्हायचं, पण 'तुझ्या रक्तानं मी ही भूमी भिजवीन' हे न अडखळता म्हणता यायचं.

"कमलआत्या जन्मतः राक्षसीण नव्हती," मी सुरुवात केली.

हॉलमध्ये कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"ती एक निष्पाप बालिका होती. तिला सीता व्हायचं होतं. पण दुष्ट गावकऱ्यांनी तिच्या मस्तकावर शिंगं ठेवली. वर्षामागून वर्षं तिनं दुसऱ्या मुलींच्या गळ्यात माळा पाहिल्या. एके दिवशी तिचे अश्रू आटले. तिनं शपथ घेतली की यापुढे कुठल्याही मुलीला सुखानं जगू देणार नाही. आणि मग तिनं शाळा काढली."

बाबा पुठ्ठ्यावरच्या फोटोंकडे बघत होते, जणू ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. आईनं पदर तोंडाला लावला होता. ती रडतेय असं मला वाटलं. ती रडत नव्हती हे तिनं मला पुढे कित्येक वर्षं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एक काकू बाबांना ऐकू जाईल असं कुजबुजल्या, "मुलीला कुणी लिहून दिलंय का हो हे?" मी थांबले नाही. मी पस्तीस वर्षांच्या छळाचं वर्णन केलं, त्यात आचाऱ्यालाही घेतलं, आणि शेवटी हात पसरून म्हटलं, "म्हणून तिला क्षमा करा. तिचा दोष नाही."

 

आत्या उठली. ती खरंच उंच होती आणि साठ दिव्यांचा उजेड तिच्यावर खालून पडत होता.

"कुणाचा दोष नाही?" ती म्हणाली. "सीतेला वाक्यं किती होती माहितेय? चार! आणि उरलेला वेळ झाडाखाली बसून मुसमुसायचं. राक्षसाला बावीस वाक्यं, एक गदा आणि एंट्रीला ढोल! तिसरीत बाईंनी मला सीता दिली होती. मी जाऊन बदलून घेतली!" मग चाळीस माणसांकडे वळून तिनं पुढे विचारलं, "ऐकायचंय?"

कुणी हो म्हणायच्या आत तिनं सुरू केलं. बावीसच्या बावीस वाक्यं तिला पाठ होती. शेवटी ती राक्षसाचं हसू हसली. मैदानापलीकडे पोचणारं ते हसू चर्चच्या हॉलच्या भिंतींवर आपटून परत आलं आणि पुढच्या ओळीतले पाच-सहा दिवे त्या श्वासानं विझले. धूर वर गेला. हेर पेटरसन दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी नळकांड्याची कडी उपसली. बाबा "नाइन, नाइन!" म्हणजे नको, नको करत मध्ये धावले. मग टाळ्या सुरू झाल्या. नळकांडं काखेत धरून सगळ्यात जास्त टाळ्या हेर पेटरसननी वाजवल्या.

जेवणात श्रीखंड होतं, टांगलेलं. मी कोपऱ्यात वाटी चाटत बसले होते आणि मिरजेला काय काय न्यावं लागेल याचा हिशेब करत होते. बाबा आत्याजवळ गेले. "मग ताई? हिचं तिकीट जूनचं बघू?"

"कशाला?" आत्या म्हणाली. "बोलते की. नको तेवढं बोलते. मजकूर सगळा खोटा, पण अडखळली कुठे? इथेच राहू दे."

"पण तू वरच्या खोलीला रंग दिला होतास ना हिच्यासाठी?"

"दिला तर दिला. भिंतींना रंग लागतोच." आणि तिनं आईला हाक मारून सांगितलं की मठ्ठ्यात मीठ कमी आहे.

मी सुटले होते. वाटीतलं श्रीखंड संपवून मी आणखी घेतलं. बाबांचं ते वाक्य मी ऐकलं होतं, समजलंही होतं, आणि त्याचं काही केलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांची दुःखं फिकट चित्रांत आखून दिली तरच दिसतात. निवृत्त झालेली एक बाई, शाळा नाही, घरात कुणी नाही, इथे येण्याआधी रंगाऱ्याला बोलावते. तिनं माझी परीक्षा घेतली आणि स्वतःचंच नुकसान होईल असे मार्क खरे खरे दिले. याला मी आता दहापैकी किती देते ते लिहिणार नाही. ती वाचत असती तर तिनं खोडलं असतं.

जाताना विमानतळावर तिनं मला पाठ सरळ करायला सांगितली. मग म्हणाली, "त्या काजळ्याचं पुढे काय होतं ते कळव."

शेवटचा भाग त्यानंतर काही महिन्यांनी आला. मी तो एका जाड वहीत सगळा मराठीत लिहून काढला, चित्रांच्या जागी चौकोन आखून आणि चौकोनात काय आहे ते लिहून. केसांवाल्याची पानं गाळली. काजळ्या शेवटी आठव्या गावाच्या वेशीवर मशाल घेऊन उभा राहतो. गाव झोपलेलं असतं. तिथेही विहिरीलगतच्या खोलीला बाहेरून कडी असते. तो मशाल विझवतो, कडी काढतो आणि निघून जातो. रडत वगैरे नाही. वही मी मिरजेला पोस्टानं पाठवली.

ती परत आली तेव्हा पानापानावर लाल होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: काजळ्या, दहापैकी नऊ, फेरतपासणीनंतर. त्याखाली: केतकी, दहापैकी नऊ. एक मार्क कापला आहे. कारण समक्ष सांगेन.

दोन दिवस मी वही उलटीसुलटी करून पाहिली. मग बाबांना म्हटलं, माझं जूनचं तिकीट बघा. आईच्या हातातून मिक्सर टॉवेलसकट निसटला.

मिरजेला आत्या दारातच उभी होती. मी बॅग खाली ठेवायच्या आधी वही पुढे केली. "मार्क का कापलास?"

"आधी हातपाय धू," ती म्हणाली. "आणि बॅग वर ठेव."

वरची खोली पोपटी रंगाची होती. मी सहा आठवडे राहिले आणि रोज विचारलं. शेवटच्या दिवशी स्टेशनवर, गाडी हलल्यावर, तिनं खिडकीशी येऊन सांगितलं: कारण लांबलचक आहे, पुढच्या सुट्टीत ये.